लेखन-अनुवादाचं काम घरून करायचंय, मुलगा अडीच वर्षांचा आहे. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ | १२ जून, दुपारी १:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मुलगा आत्ताच झोपलाय, तो उठायच्या आत लिहून टाकते.

मी नाशिकला असते. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालंय. सहा वर्षं एका औषध कंपनीत क्वालिटीच्या खात्यात होते. मूल झाल्यावर नोकरी सोडली. कोणी सोडायला लावली नाही, आम्ही दोघांनी बसून ठरवलं. नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माझी आई जळगावला. लेकराजवळ घरातलं कोणीतरी हवंच होतं.

आता हाताला काम हवं आहे. पैसे तर हवेतच, पण दिवसातले दोन तास तरी डोकं वरणभाताच्या पलीकडे कुठेतरी चालावं असंही वाटतं. माझ्याकडे दिवसाचे दोन तुकडे आहेत: दुपारी दीड ते साडेतीन, आणि रात्री साडेनऊ ते अकरा. मराठी चांगलं आहे, शाळा-कॉलेजात बक्षिसं मिळालीत. मराठी लिहून खरंच पैसे मिळतात का? कोण देतं? आणि पहिलं काम मिळवायचं कसं, जेव्हा दाखवायला आधीचं काहीच नाही?

सायलीची_आई | १२ जून, दुपारी २:३५

मिळतात. मी सात वर्षं करतेय. सविस्तर रात्री लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

पिंपळपान | १२ जून, दुपारी ४:१०

ताई, आधी एक सांगते, बाकी सगळं नंतर. काम देण्याआधी पैसे मागणाऱ्या कोणालाही दारात उभं करू नका. माझ्या डिलिव्हरीला चार महिने झाले असताना 'पीडीएफ बघून वर्डमध्ये टाइप करा, घरबसल्या कमवा' अशा जाहिरातीला फोन केला. ऑनलाइन करार करून घेतला, पाच दिवसांत अमुक पानं, इतके टक्के अचूक हवं. रात्र रात्र जागून टाइप केलं. सहाव्या दिवशी मेल आला की चुका मर्यादेबाहेर आहेत, करारभंग झाला, नुकसानभरपाई भरा. मग वकील म्हणवणाऱ्या माणसाचे फोन, कोर्टाच्या नोटिशीसारखा दिसणारा कागद व्हॉट्सॲपवर. मी घाबरून साडेपाच हजार भरले आणि घरात दोन महिने कोणाला सांगितलं नाही.

नंतर कळलं की ही ठरलेली पद्धत आहे, आणि असे कागद पाठवून खटला कोणी भरत नाही. कोणाच्या बाबतीत असं झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. लाजू नका. मी लाजले म्हणून माझे पैसे गेले.

बाबा_घरी | १२ जून, संध्या. ७:२०

पिंपळपान ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. 

मी पुण्यात असतो. बायको नोकरी करते, मुलगी चार वर्षांची, घर मी बघतो. मराठी मजकूर लिहितो: ॲपमधल्या सूचना, बँकांची माहितीपत्रकं, खतांच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा. गोदाकाठ ताई, तुमच्या त्या दोन तुकड्यांबद्दल बोलायचंय, कारण तिथेच मी दीड वर्ष चुकत होतो.

'मूल झोपलं की काम' हे कागदावर छान दिसतं. पण दुपारची झोप हा मुलाचा कार्यक्रम असतो, तुमचा नाही. दात येतात, सर्दी होते, आणि तीन वर्षांच्या आसपास बरीच मुलं दुपारची झोप सोडूनच देतात. तुम्ही अडीचवर आहात. तो तुकडा केव्हाही जाईल असं धरूनच चाला.

आमच्या सोसायटीत आणखी एक आई घरून काम करते. आम्ही आठवड्यातले चार दिवस वाटून घेतले. सोम-बुध तिचा मुलगा आमच्याकडे, मंगळ-गुरू माझी मुलगी तिच्याकडे, दहा ते एक. पैशांचा व्यवहार नाही. दोन मुलं एकत्र असली की एकट्या मुलापेक्षा सांभाळायला सोपी जातात, हे मला करून बघितल्यावर कळलं. तेव्हापासून मी तारीख चुकवलेली नाही.

खमंग_चिवडा | १२ जून, रात्री ८:०५

खतांच्या पिशवीवरचं कोणीतरी बसून लिहितं हे आज कळलं. आता बाबांचं नाव घेऊन वाचीन. :)

सायलीची_आई | १२ जून, रात्री १०:४०

हं, आता निवांत.

गोदाकाठ, तुला 'तू'च म्हणते, माझ्या बहिणीच्या वयाची असशील. तू विचारतेस 'लेखन-अनुवाद', आणि मराठी चांगलं असल्याचं सांगतेस. मराठी चांगलं असणारे पुष्कळ आहेत. तुझ्याकडे जे आहे ते तू एका ओळीत उरकलंस: क्वालिटीमधली सहा वर्षं. पैसे त्याचे मिळणार आहेत.

मी वैद्यकीय अनुवाद करते. आपल्या देशात नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर भाग घेणाऱ्याला त्याला समजणाऱ्या भाषेत सगळं सांगून लेखी संमती घ्यावी लागते. २०१९च्या औषध-चाचणी नियमांत ते आहे. म्हणजे मुंबई-पुणे-नागपूरच्या दवाखान्यात चाचणी असली की संमतीपत्र मराठीत लागतं, पेशंटची डायरी लागते, प्रश्नावली लागते. आधी इंग्रजीवरून मराठी, मग मूळ न दाखवता दुसऱ्याच माणसाकडून मराठीवरून परत इंग्रजी, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक काढायचे. शेवटी अनुवादाचं प्रमाणपत्र, ते एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जातं. एका कागदावर तीन-चार जणांना काम मिळतं, आणि औषधाचं कळणारी मराठी माणसं कमी आहेत.

काम कसं असतं ते एका वाक्यावरून सांगते. चाचणीत कोणाला कोणतं औषध मिळेल हे रँडम ठरतं. सुरुवातीला मी 'यादृच्छिक पद्धतीने' लिहिलं. कोशातला शब्द, चूक काहीच नाही. तपासणाऱ्या बाईंनी फोन केला, म्हणाल्या, हे शिरूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला वाचून दाखव. मग मी लिहिलं: 'तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे नाणं उडवून छापा-काटा करावा तसं ठरेल. ते तुम्ही किंवा डॉक्टर निवडू शकणार नाही.' तिथे मला या कामाची गोडी लागली. त्या बाईने खाली अंगठा किंवा सही करायची असते. तिला कळलं नाही तर ती संमती कसली?

'टेक ऑन ॲन एम्प्टी स्टमक'चं 'गोळी रिकाम्या पोटावर घ्या' केलेलं मी छापील पाहिलंय. आपल्याकडे 'उपाशीपोटी' हा शब्द घराघरात आहे. पोटावर काय, लेप लावायचाय?

पहिलं काम कसं मिळवायचं: दोन नमुने स्वतःच तयार कर. एखाद्या औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक घे, पान-दीड पानाचा अनुवाद कर, मूळ आणि मराठी शेजारी ठेव. एखादं लसीकरणाचं पत्रक घे. मग अनुवाद-संस्थांना मेल लिही, पहिल्या ओळीत 'एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, औषधनिर्मितीत सहा वर्षं'. वीसेक जणांना पाठवलंस तर तिघे-चौघे चाचणी-उतारा देतील. दोनशे-तीनशे शब्दांचा उतारा फुकट करून द्यायला हरकत नाही. दोन हजार शब्दांचा 'टेस्ट' म्हणून कोणी दिला तर ते त्यांचं कामच उरकून घेतायत, नाही म्हण.

रानजाई | १२ जून, रात्री ११:१५

सायलीची आई, दराबद्दल पण लिहा ना. त्याबद्दल कोणी मोकळेपणी बोलत नाही.

सायलीची_आई | १३ जून, सकाळी ६:३०

मी शब्दाला ७० पैशांवर सुरुवात केली होती. आज वैद्यकीयला दीड ते दोन रुपये घेते, परदेशी संस्था असेल तर जास्त. माझे आकडे आहेत हे, सगळ्यांना लागू पडतीलच असं नाही.

पण दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: शब्द कुठले मोजणार, मूळ इंग्रजी की मराठी? इंग्रजीत 'इन द हाउस' तीन शब्द, मराठीत 'घरात' एक. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचं मराठी पुष्कळदा आठशेच्या आत येतं. दर तोच ठेवून मराठी शब्द मोजले की पगार गुपचूप कमी झाला. मी पहिलं वर्षभर मराठी शब्दांवर बिलं केली. कामाला हो म्हणण्याआधी हे मेलवर लिहून घ्यायचं.

विदर्भकन्या | १३ जून, सकाळी ९:५५

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. गोदाकाठ ताई, तुमच्याकडे औषध कंपनीतला अनुभव आहे. दोन वर्षं थांबून मूल शाळेत गेलं की परत नोकरीच धरा. नोकरीत पीएफ आहे, मेडिकल आहे, सुट्टीचा पगार आहे. मी पाच वर्षं घरून लेख लिहिले. महिन्याला कधी अठरा हजार, कधी शून्य. मोठी गॅप पडल्यावर परत मुलाखतीला गेले, तर ती पाच वर्षं कोणी अनुभव म्हणून धरायलाच तयार नाही. शिवाय घरात बसून केलेल्या कामाला घरातलेही काम म्हणत नाहीत. 'तू घरीच आहेस ना, गॅसवाल्याला तेवढं बघ.'

आणि मशीन आहेच. आता बहुतेक जण मशीनचं भाषांतर पाठवून 'फक्त तपासून द्या' म्हणतात, निम्म्या दरात.

बाबा_घरी | १३ जून, सकाळी ११:२०

विदर्भकन्या ताई, राग कसला. गॅसवाल्याचं वाक्य तर माझ्याच घरातलं आहे. मशीनचंही खरं आहे. माझं साधं मजकुराचं काम गेल्या दोन वर्षांत बरंच कमी झालं. बँकेच्या माहितीपत्रकातलं 'करंट अकाउंट' मशीनने एकदा 'चालू खाते' बरोबर केलं आणि पुढच्याच परिच्छेदात 'विद्युतप्रवाह खाते' केलं. ते शोधायला पूर्ण मजकूर वाचावाच लागतो, वेळ तेवढाच जातो, पैसे निम्मे. मी आता तपासणीला शब्दावर दर घेत नाही, तासावर घेतो. चार जणांनी नाही म्हटलं, दोघांनी हो म्हटलं.

पार्लेकर_आजोबा | १३ जून, दुपारी १२:४०

मी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. आता नातवाला सांभाळतो आणि वर्षाला पाच-सहा पुस्तकांची मुद्रितं तपासतो. मुलींनो, हेही काम आहे, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पानावर पैसे मिळतात, फार नाहीत, पण काम तुकड्यातुकड्यात करता येतं. दहा पानं झाली, नातू उठला, खूण करून ठेवलं.

त्यासाठी लेखनाचे नियम पाठ हवेत. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे अठराच नियम आहेत. रोज एक घेतला तर तीन आठवड्यांत होतात. 'मूळ' पण 'मुळात', 'दूध' पण 'दुधाचा', इथे अर्ध्याहून अधिक चुका होतात. एक वाक्य दुरुस्त करताना लेखकाचं बोलणं आपल्या बोलण्यासारखं करू नये, एवढं पथ्य मी पाळत आलो.

कैरीचं_पन्हं | १३ जून, दुपारी १:०५

आजोबा, दिवाळी अंकांचं काय? तिथे मानधन असतं का?

पार्लेकर_आजोबा | १३ जून, दुपारी ३:१५

असतं, अंकागणिक वेगळं. काही आपुलकीने आणि वेळेवर देतात, काही अंकाची प्रत पाठवतात. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. तिथे जरूर लिहा, नाव होतं, हात तयार होतो. मात्र घरखर्च त्यावर धरू नका. आणि जून निम्मा आला, कथा पाठवायची असेल तर आत्ताच.

हिशोबनीस | १३ जून, रात्री ९:३०

मी सीए आहे, दोन गोष्टी सांगतो.

एक. भारतातली संस्था तुमच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापते, वर्षाची रक्कम एका मर्यादेपलीकडे गेली की. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० झाली. कापलेले पैसे बुडत नाहीत. तुमच्या पॅनवर जमा होतात, एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. घरून काम करणाऱ्या कितीतरी बायका 'आमचं कसलं रिटर्न' म्हणून ते सोडून देतात. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी सहसा वर्षाला वीस लाखांच्या वर, त्याची चिंता आत्ता नको.

दोन, आणि ही जास्त कामाची. 'उद्यम' नोंदणी करा. आधार-पॅनवर होते, फुकट आहे, एजंट लागत नाही. एकट्याने अनुवाद करणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकते. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. नोंदणी मात्र काम घेण्याआधी हवी, पैसे थकल्यावर करून उपयोग होत नाही.

रानजाई | १३ जून, रात्री १०:१०

हिशोबनीस दादा, तुमचा हा प्रतिसाद मी उतरवून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवलाय. माझे एका संस्थेकडे २३,००० अकरा महिने अडकले होते. दर सोमवारी मेल करायचे, दर वेळी 'फायनान्स टीमकडे पाठवलंय'. बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ टाकायला लागल्यापासून नव्या कामांचे पैसे दोन महिन्यांपलीकडे गेले नाहीत.

न्यूजर्सीकर | १४ जून, पहाटे ५:१५

परदेशातल्या मैत्रिणींसाठी, थोडं विषयांतर. मी एच-४ वर, म्हणजे अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आले तेव्हा मला वाटलं, भारतातल्या संस्थेसाठी, भारतातल्या खात्यात पैसे घेऊन मराठी लिहिलं तर काय अडचण? अडचण आहे. तुम्ही इथे बसून काम करता म्हणजे इथे काम करता, पैसे कुठेही येवोत. एच-४ वाल्यांना वर्क परमिट २०१५ पासून मिळू लागलं, तेही नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच. वकिलाला विचारल्याशिवाय एकही बिल पाठवू नका. मी तीन वर्षं थांबले. त्या काळात स्वतःसाठी अनुवाद करत राहिले, तेच नमुने नंतर कामी आले.

म्हापशाची_लेक | १४ जून, सकाळी ८:२०

सबटायटलचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून. मी ते करते. चित्रफितीच्या मिनिटावर पैसे. दोन ओळींत बसवायचं, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि वाचून व्हायच्या आत ओळ जायला नको. मजा येते, पण कानाला हेडफोन लागतो. मुलगी दुसऱ्या खोलीत पडली आणि मला ऐकूच आलं नाही, तेव्हापासून मी हे फक्त रात्री करते, तिचा बाबा घरी असताना. लहान मूल एकटं असताना हे काम धरू नका.

सायलीची_आई | १४ जून, सकाळी १०:४५

आणखी एक आठवलं. युनिकोडमध्ये टाइप करता येतं ना? इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण) कीबोर्ड शिकून घे, पंधरा दिवस त्रास होतो, मग बोटं धावतात. शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. वाईच्या विश्वकोश मंडळाची ज्ञानमंडळंही विज्ञानाच्या नोंदी लिहून घेतात, तुझ्या विषयाला ते शोभून दिसेल.

गोदाकाठ | १४ जून, दुपारी २:०५

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री नवऱ्याला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

विदर्भकन्या ताई, तुमचं लिहिणं सगळ्यांत जास्त वेळ मनात राहिलं. पीएफचं खरं आहे. मी ठरवलंय की मुलगा शाळेत जाईपर्यंतची दोन वर्षं हे करायचं, पण बिलं, करार, प्रमाणपत्रं सगळं जपून ठेवायचं, म्हणजे परत मुलाखतीला गेले तर ही वर्षं कोणी गॅप म्हणू शकणार नाही. बाबा_घरी, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीशी बोलले. मंगळ-शुक्र तिचा, बुध-शनि माझा.

विदर्भकन्या | १४ जून, दुपारी ४:३०

हे फार छान केलंस. मला तेव्हा कोणी 'कागद जपून ठेव' एवढंही सांगितलं नव्हतं.

गोदाकाठ | २९ जुलै, रात्री १०:५५

धागा वर काढतेय.

बावीस मेल पाठवले. पाच उत्तरं आली, तीन चाचण्या, दोन पास. पहिलं काम झालं: मधुमेहाच्या पेशंटची डायरी, १,१४० शब्द, इंग्रजी मोजून, शब्दाला ८५ पैसे. बिल गेलं ९६९ रुपयांचं, उद्यम क्रमांकासकट. मुलाने दुपारची झोप सोडली, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. पण मैत्रिणीबरोबरची वाटणी चालू आहे.

आता दुसरं काम हातात आहे आणि एका जागी अडकलेय. त्रासांच्या यादीत 'डिझिनेस' आणि 'लाइटहेडेडनेस' लागोपाठ आलेत. पहिल्याला चक्कर लिहिलं. दुसऱ्याला काय लिहू? उलट अनुवादात दोन्ही वेगळे यायला हवेत.

सायलीची_आई | २९ जुलै, रात्री ११:०५

अभिनंदन गं! मी 'डोकं हलकं झाल्यासारखं वाटणं' लिहिते.

विदर्भकन्या | २९ जुलै, रात्री ११:२०

'हलकं' म्हटलं की आमच्याकडे बरं वाटलं असा अर्थ होतो. बाम लावल्यावर डोकं हलकं होतं.

गोदाकाठ | २९ जुलै, रात्री ११:२५

अगदी हेच! सासूबाईही तेच म्हणाल्या.

पार्लेकर_आजोबा | ३० जुलै, सकाळी ७:१०

चटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आता पडू असं वाटतं, तेच ना? मग 'अंधारी आल्यासारखं वाटणं' लिहा. आणि पहिल्याला 'चक्कर'च्या पुढे 'सगळं फिरतंय असं वाटणं' जोडा, म्हणजे दोन्ही वेगळे राहतील.

गोदाकाठ | ३० जुलै, सकाळी १०:१५

आजोबा, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'हां, अंधारी. हे समजलं.' तसंच लिहून पाठवलं.